अंबडचा हात

उत्तममामांच्या हॉलमध्ये जोरात मारायला बंदी होती. तशी पाटीबिटी कुठे लावलेली नव्हती. पण कुणी काठी मागे ओढून दणका द्यायच्या तयारीत आला, की कोपऱ्यातल्या खुर्चीवरून आवाज यायचा, "ओ पाहुणे, कापड हैदराबादचं हाय. फाटलं तर अंबडात त्याला शिंपी न्हाई." पाहुणा ओशाळायचा आणि हळूच मारायचा. बॉल निघायचा, अर्ध्या टेबलापर्यंत शहाण्यासारखा सरळ जायचा, आणि मग दाराच्या अंगाला कलत कलत होलाशेजारच्या कुशनला जाऊन टेकायचा. पाहुणा कपाळाला आठ्या घालून कधी बॉलकडे, कधी काठीकडे बघत राहायचा. मामा मोसंबी सोलत बसलेले असायचे. मान वर न करता म्हणायचे, "हात पाहिजे साहेब, हात."

हॉल म्हणजे बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारातलं पत्र्याचं गोदाम. आत पूलचं एकच टेबल, एक लांब बाक, एक माठ आणि मामांची खुर्ची. अंकुशनगरला साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की तिकडचे लोक यायचे, जालन्याहून बियाण्यांचे एजंट यायचे, आणि गावातले आम्ही रिकामटेकडे तर होतोच. ही गोष्ट काही फार जुनी नाही, सगळ्यांच्या खिशात मोबाइल होते. पण मामांसमोर तो बाहेर काढायची कुणाची टाप नव्हती. बाकावर रामेश्वर हमखास असायचा. त्याचं टायर-पंक्चरचं दुकान हॉलला लागूनच होतं. गिऱ्हाईक आलं की बाहेरून बोंबलायचं, मग हा नाइलाजाने उठायचा.

उत्तममामा कुणाचेच सख्खे मामा नव्हते, म्हणून सगळ्या गावाचे होते. उंच, काटक माणूस. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट आणि भर उन्हाळ्यातही पायात बूट. काठी हातात घेण्याआधी माठातल्या पाण्याने हात धुवायचे, रुमालाने बोटं एकेक करून पुसायचे. मोसंबीची साल एका सलग पट्टीत काढायचे, आणि ती मध्ये तुटली तर ती मोसंबी स्वतः न खाता दुसऱ्याला द्यायचे. संध्याकाळी टेबलावरची धूळ ब्रशने एकाच दिशेने झाडून त्यावर मामींचं जुनं लुगडं पसरायचे, कोपरे नीट खोचायचे. घरात आजारी माणसाला पांघरूण घालतात तसं. आम्ही ते बघत उभे राहायचो. गावात दुसरं कुणी कुठल्याही वस्तूची इतकी उस्तवार करताना मी पाहिलं नव्हतं.

आणि हैदराबाद. बोलण्यात हैदराबाद आल्याशिवाय मामांचा दिवस मावळत नसे. तरुणपणी तिथल्या एका मोठ्या क्लबात ते खेळायला होते म्हणे. "एक बडे साहब आल्ते," अशी सुरुवात व्हायची. "सूट-बूट, सोन्याचं घड्याळ. म्हनले, उत्तम, आज तुला हरवून जानार. म्या म्हनलं, बिलकुल साहेब, शौक से. काठी घेतली, अन् टेबल साफ! साहेबाला बसूनच ठिवलं." दर खेपेला साहेब बदलायचा, घड्याळ तेच राहायचं. आम्ही त्यावरून मागे हसायचो, पण विश्वास मात्र ठेवायचो. कारण मामांना हरवताना आम्ही कधीच कुणाला पाहिलं नव्हतं.

त्यांची शिकवायची रीत वेगळी होती. बोलायचे कमी. मागे उभं राहून तुमचं कोपर दोन बोटांत धरायचे आणि म्हणायचे, "बॉल आपला न्हाई, होल आपलं न्हाई, काठीवरचा हात तेवढा आपला." हळू मार, अजून हळू, हे कितीतरी महिने चालायचं. मग एक दिवस तुमच्या हातून निघालेला बॉल जाता जाता वळायचा आणि वळसा घालून बरोबर होलात पडायचा. मामा कोपर सोडायचे. "आलं वळण," म्हणायचे. हाच तो अंबडचा हात. जालन्यात न्हाई, परतूरला न्हाई, फक्त इथं. टेबलाच्या या टोकाकडून मारला की बॉल डावीकडे वळायचा आणि त्या टोकाकडून मारला की उजवीकडे. "दोन्ही वळणं यायला लागली," मामा म्हणायचे, "आता पक्का झालास." आम्ही बी.एस्सी. झालेली पोरं. गतीचे नियम परीक्षेत धडाधड लिहून आलेले. पण बॉल कायम दाराकडेच का वळतो, असं आमच्यातल्या एकानेही विचारलं नाही. स्वतःच्या हाताचं कौतुक चाललेलं असताना टेबलाखाली कोण वाकून बघतो?

आमच्यात खरा हात होता सिद्धार्थचा. आम्ही त्याला सिद्धू म्हणायचो. त्याचे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते, राहायला बुद्धविहाराच्या मागे. पहिल्यांदा तो हॉलमध्ये आला तेव्हा बाकावरच्या एकाने त्याला वरपासून खालपर्यंत बघून "तू रे कुणाचा?" असं विचारलं. ते विचारायची एक पद्धत असते, ती आमच्याकडे सगळ्यांना कळते. सिद्धू दारातच थांबला. मामा उठले, खुंटीवरची स्वतःची काठी काढली, जिला आम्हाला बोट लावायची परवानगी नव्हती, आणि त्याच्या हातात दिली. "ह्या हॉलमदी काठी धरली की मानूस खेळाडू होतो. बाकीचं बाहेर," एवढंच म्हणाले. सिद्धूने त्या दिवशी काय मारलं ते मला आठवत नाही. पण घरी जाताना तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता, हे आठवतं.

त्यानंतर मामा म्हणतील ती त्याला पूर्व दिशा. मामा कधी कुणाची स्तुती करायचे नाहीत. फार झालं तर "चालतंय". सिद्धूला एकदा त्यांनी "बराबर" म्हटलं, तर त्याने ते घरी जाऊन आईला सांगितलं होतं. आणि मीसुद्धा कोरडा नव्हतो. माझे वडील जालन्याच्या दवाखान्यात ऑपरेशनला होते तेव्हा मामा एसटीने आले, दिवसभर बाहेरच्या ओट्यावर बसून राहिले आणि वडील शुद्धीवर आल्याचं कळल्यावर आत न येताच परत गेले. असा माणूस होता. मला हे सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं सगळं सोपं होऊन जाईल.

सिद्धू पहाटे रस्त्यावर धावायचा. पोलीस भरतीची तयारी. आमच्या भागात निम्मी पोरं पहाटे धावत असतात. त्यातला सिद्धू खरोखर जोरात धावायचा, आणि वयाच्या अटीत बसायचं त्याचं ते शेवटचं वर्ष होतं. नेमकी भरतीची मैदानी चाचणी आणि संभाजीनगरची पूलची निवड स्पर्धा एकाच दिवशी आली. सिद्धूने मामांना विचारलं. मामा म्हणाले, "भरती दरसाली निघती. असा हात दरसाली निघत न्हाई." शिवाय राज्यात नंबर आला तर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागते, असंही म्हणाले. ते खरं की खोटं, कुणी शहानिशा केली नाही. मामांनी सांगितलं म्हणजे झालं.

तरी गुरुजींना राहवलं नाही. दुपारच्या वेळी ते हॉलच्या दारात आले. आयुष्यात पहिल्यांदाच तिथे आले असावेत. चप्पल बाहेर काढून ठेवली होती, देवळात येतात तशी. म्हणाले, "उत्तमराव, पोराचं हे शेवटचं वर्ष. मला या खेळातलं ओ की ठो कळत नाही. तुम्ही म्हणाल तसं तो करील, आणि तुम्ही म्हणाल तर मीही अडवणार नाही. फक्त मला एकदा समोर सांगा."

मामांनी मोसंबी खाली ठेवली. टेबलाकडे बघितलं. मला वाटलं ते विचार करताहेत. मग म्हणाले, "गुरुजी, सोन्याचा हात हाय पोराचा. बिनघोर ऱ्हावा."

गुरुजींनी हात जोडले आणि चप्पल घालून गेले.

संभाजीनगरला सिद्धू आणि मी, दोघं खेळायला गेलो. मामा आले नाहीत, म्हणाले गुडघा दुखून राह्यला. माझं काय, मी पहिल्याच डावात उडालो, त्यात नवल नव्हतं. पण सिद्धूसुद्धा पहिल्याच डावात उडाला. आणि कसा? त्याचा प्रत्येक बॉल होलाच्या बोटभर बाजूने जायचा. दर वेळी तेवढाच बाजूने. वळण येईना. तो अजून हळू मारायला लागला, मामांनी शिकवलं होतं तसं, आणि जितका हळू मारायचा तितका बॉल नाकासमोर सरळ जायचा. समोरचा खेळाडू कॉलेजातला कुणी तरी पोरगा होता, तोंडात चिंगम. त्याने शेवटचा बॉल टाकताना नीट बघितलंसुद्धा नाही.

सगळं आटोपल्यावर कोपऱ्यातलं एक टेबल रिकामं होतं. सिद्धू तिथे गेला. पांढरा बॉल ठेवला, काठीने अगदी हलकासा टेकवला आणि वाकून बघत राहिला. पुन्हा ठेवला, दुसऱ्या टोकाकडून टेकवला. मी म्हणालो, "चल बाबा, गाडी जाईल."

तो म्हणाला, "हे टेबल सरळ हाय."

"मंग?"

"मंग आपलं न्हाई."

बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसला होता. बदनापूर गेल्यावर एकदाच बोलला, "म्हंजे माझं वळण नव्हतंच ना रे?" मला वाटतं त्याला भरती गेल्याचं दुःख तोवर झालंच नव्हतं. ते नंतर आलं. आधी हे होतं.

दुसऱ्या दिवशी हॉल उघडायच्या वेळी आम्ही गेलो. मामा एकटेच होते. सिद्धूने टेबलावर बॉल ठेवून हलकेच ढकलला. बॉल गेला आणि दाराकडे वळला. मामांनी ते बघितलं. "कळालं का," म्हणाले. प्रश्न नव्हता तो.

"तुमाला म्हाईत होतं?" सिद्धूने विचारलं.

मामा बराच वेळ बोटं पुसत राहिले. मग सांगितलं. टेबल हैदराबादहून आणलं तेव्हा गोदामाची जमीन उंचसखल होती. दारासमोरच्या, खिडकीकडच्या पायांखाली त्यांनी लाकडाच्या पाचरी ठोकल्या, त्या जरा जास्तच उंच झाल्या. खेळून बघितलं आणि समोरचा हरला. "जिंदगीत पहिल्यांदा कुनी माझ्यासमोर हरलं होतं. हैदराबादेत म्या खेळलोच न्हाई. बॉल लावून द्यायचो साहेब लोकांना. म्हनलं, ऱ्हाऊ दे दोन दिवस. मंग तुमी मला वस्ताद म्हनाया लागले."

मी तिथे ओरडलो. मला राग आवरत नाही, तेव्हाही आवरला नाही. "अहो पण गुरुजी आल्ते दारात! तवा तरी बोलायचं ना मामा! पोराची भरती गेली!"

मामा माझ्याकडे बघतच नव्हते. ते सिद्धूकडे बघून म्हणाले, "बोललो असतो तर तू असाच बघितला असता माझ्याकडं, आता बघतो तसा. म्हनलं, अजून चार दिवस तरी न बघो."

खोटं बोलणाऱ्या माणसाने इतकं खरं बोलू नये. त्या वाक्याने सिद्धू विरघळला. मला दिसलं ते. मामा म्हणाले, "मीच सांगतो सगळ्यांना. उद्या संध्याकाळी सगळे जमले की माझ्या तोंडानं सांगतो. गुरुजींच्या घरी बी येतो. तू मदी बोलू नको, एवढा मान ठीव." सिद्धूने मान हलवली. त्याने मान ठेवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाक भरला होता. गावभर बातमी झालीच होती. रामेश्वर म्हणाला, "काय सिद्धूशेट, पहिल्याच घासाला खडा? अन् त्याच्यापायी भरती बी सोडली?" सिद्धू मामांकडे बघत राहिला. मामा सोलत होते. रामेश्वरला चेव आला. "गुरुजी काय म्हनले? पेढे वाटून राह्यले का?" बाक हसला. सिद्धूने मामांकडे बघितलं. मी बघितलं. आता उठतील, आता बोलतील. साल लांबत चालली होती. शेवटी सिद्धूच म्हणाला, "टेबल वाकडं हाय हे. मामा सांगतील."

सगळे टेबलाकडे बघायला लागले. मग रामेश्वरने मांडीवर थाप मारली. "घ्या! नाचता येईना अंगण वाकडं!"

असा हशा त्या पत्र्याखाली मी कधी ऐकला नव्हता. हसता हसता सगळे मामांकडे वळले. मामांनी मोसंबीची एक फोड तोंडात टाकली आणि म्हणाले, "जाऊ द्या. पोरगं हाय. हरल्यावर मानूस काहीबी बोलतं."

मी उठलो. "मामा, काल तुमी स्वतः—"

"तू बी हरला ना रे?" मामा हसून म्हणाले, आणि पुन्हा हशा झाला.

सिद्धू शांतपणे टेबलाजवळ गेला. म्हणाला, बघा, आणि पांढरा बॉल ठेवून हलकेच ढकलला. बॉल निघाला. अर्ध्या टेबलापर्यंत गेला. त्यापुढे गेला. सरळ गेला, सुतात गेल्यासारखा, आणि समोरच्या कुशनला लागून सरळ परत आला.

सिद्धूने तो बॉल उचलला नाही. आमच्या अंगावरून चालत बाहेर गेला. त्यानंतर त्याने त्या हॉलमध्येच काय, कुठेच काठी धरली नाही.

चार-आठ दिवसांनी मी गाडीत हवा भरायला रामेश्वरकडे गेलो होतो. तो आपला सहज बोलून गेला, "मामांचं बी वय झालं राव. सिद्धू टेबल वाकडं म्हनला ना, त्या दिवशी सकाळीच जॅक नेल्ता माझा. टेबलाखाली उंदीर मेला म्हने. मी म्हनलं येऊ का, तर न्हाई म्हनले. एकट्यानं काढला." मी हवा न भरताच गाडी ढकलत घरी नेली. काल चार दिवसांची भीक मागणारा माणूस आणि आज पहाटे गुडघ्यावर बसून जॅक फिरवणारा माणूस, दोन्ही एकच, हे माझ्या डोक्यात मावेना. दुखरा गुडघा त्या वेळी बरा दुखला नाही. वाकडं टेबल मी एक वेळ माफ केलं असतं. सिद्धूही करत होताच. पण त्याने दिलेला दिवस त्यालाच खोटं पाडायला वापरला, याला काय म्हणायचं? गुरुजींच्या घरी मामा गेले नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

सिद्धू जालन्याला गेला. एमआयडीसीत एका लोखंडाच्या कारखान्यात लागला, अजून तिथेच आहे. बायको-मुलं आहेत, घर आहे, माझ्याशी छान बोलतो. हॉलचं नाव मी एकदा काढलं तेव्हा उठून पाणी प्यायला गेला. गुरुजी होते तोवर बाजारात भेटले की न चुकता विचारायचे, "अरे, खरं काय झालं होतं?" मी सांगायचो. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "पण उत्तमराव तसं का करतील?" बिचाऱ्यांनी चप्पल काढून विचारलं होतं ना.

टेबल सरळ झालं आणि अंबडचा हात गेला. सगळ्यांचाच. रामेश्वरने नवीन काठी आणली, मग काठी भंगार आहे म्हणाला. मामा म्हणाले, कापड जुनं झालं, वळण धरत न्हाई. लोकांनी तेही मानलं. तरणी पोरं महिन्या-दोन महिन्यांत सरळ मारायला शिकली. मामांना मात्र ते कधीच जमलं नाही. आयुष्यभर कलत्या टेबलावर बसलेला हात सुटेना. ते हरायला लागले. आधी एजंटांकडून, मग कारखान्याच्या लोकांकडून, मग कुणाकडूनही. मला वाटलं होतं, आता तरी लोकांच्या डोक्यात प्रकाश पडेल. पण पडला तो निराळाच.

मीही पुढे गाव सोडलं. गेल्या उन्हाळ्यात कामानिमित्त अंबडला गेलो होतो. हॉलवरून जाताना पाय थांबले. का थांबले ते विचारू नका, दवाखान्याच्या ओट्यावर बसलेला माणूसही मला अजून आठवतो. मामा त्याच खुर्चीवर होते. शर्ट पांढराच, पण मानेजवळ मोठा झालेला. बाकावर रामेश्वर आणि दोन-तीन अनोळखी माणसं. रामेश्वरने मला ओळखलं, जागा करून दिली आणि त्या अनोळखी माणसांना सांगायला लागला, "हा बी मामांचाच पट्ठ्या. अन् ह्याचा दोस्त होता सिद्धू, तो खरा. लई जीव होता मामांचा त्याच्यावर. पोरगं रागानं निघून गेलं, तवापासून मामांनी हायच खाल्ली. त्या दिवसापासून हात गेला बघा ह्यांचा. जित्त्या मानसाचा हात गेला."

अनोळखी माणसांनी च् च् केलं. मी मामांकडे बघितलं. त्यांचे डोळे भरून आले होते. नाटक नव्हतं ते, मी नीट बघितलं. खरं पाणी होतं.

"कसा हाय रे सिद्धू?" मामांनी विचारलं. "त्याला म्हनावं, मामाचा हात गेला तुझ्यापायी. सांगशील ना?"

बाकावरचे सगळे माझ्या होकाराची वाट बघत होते.

मी म्हणालो, "जॅक लावून टेबल सरळ केल्यावर हात जातोच, मामा."

कुणाला काही कळलं नाही. मामांचं तोंड मात्र एकदम लहान झालं. ते माझ्याकडे बघत राहिले, मी त्यांच्याकडे. रामेश्वर कधी त्यांच्याकडे, कधी माझ्याकडे बघायला लागला. त्याच्या कपाळावर कधी नव्हे ती एक आठी आली होती. "जॅक? मामा, कोनता जॅक? काय म्हनून राह्यला हा?"

मामांनी रुमालाने डोळे पुसले, आणि मला सगळ्यात जास्त आवडायच्या त्या मऊ आवाजात म्हणाले, "काही न्हाई. उन्हातनं आलाय पोरगं. चहा सांग त्याला."